फळ्यावर कळतं, रूमवर सुटत नाही: अकरावी-बारावीच्या गणिताला कसं भिडायचं

"मॅडम, सर फळ्यावर सोडवतात तवा सगळं कळतंय. रूमवर गेलं की एकबी गणित सुटंना."

अकरावीची पहिली चाचणी झाली की हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. बोलणारं लेकरू दहावीला नव्वदच्या वर टक्के घेऊन आलेलं असतं. निलंगा, अहमदपूर, कंधार, परळी अशा कुठल्या तरी तालुक्यातून येऊन लातूरला किंवा नांदेडला रूम करून राहिलेलं असतं. मेसचा डबा लावलेला असतो, क्लासची फी भरलेली असते आणि चाचणीत गणिताला तीस टक्क्यांच्या आत मार्क पडलेले असतात. त्याला वाटतं, आपलं डोकंच या विषयाचं नाही. मलाही तसंच वाटलं होतं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून मी अकरावी सायन्सला आले, तेव्हा पहिल्या चाचणीत ४० पैकी ११ मिळाले होते. आज मी तोच विषय शिकवते. मधल्या काळात मी जे केलं आणि पुढे शेकडो मुलांकडून करून घेतलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. फळ्यावरचं गणित सुटतं, कारण आता कोणती पायरी घ्यायची हा निर्णय प्रत्येक वळणावर सर घेतात. आपण ती पायरी बरोबर आहे का एवढंच बघतो आणि मान डोलावतो. रूमवर तो निर्णय आपल्याला घ्यावा लागतो आणि त्याची सवय आपल्याला नसते. दहावीपर्यंत ही उणीव झाकली जाते, कारण प्रश्नांचे साचे मोजके असतात. अकरावीत साचे इतके वाढतात की पाठांतर पुरत नाही. खालची सगळी कामं या एकाच सवयीसाठी आहेत.

पहिलं काम: भोक कुठे आहे ते शोधा

नवा धडा समजत नसेल तर दहापैकी सात-आठ वेळा दोष त्या धड्यात नसतो, आठवी-नववीच्या बीजगणितात असतो. म्हणून आज रात्री पंधरा मिनिटं काढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ही आठ गणितं कोऱ्या कागदावर सोडवा.

१) (क्ष + ३)² चा विस्तार करा.
२) २/३ + ५/७ किती?
३) क्ष² = ५क्ष हे समीकरण सोडवा.
४) −२क्ष < ६, तर क्ष बद्दल काय सांगता येईल?
५) (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३) सोपं रूप द्या.
६) √(९ + १६) किती?
७) ८ चा २/३ वा घात किती?
८) (१, २) आणि (४, ६) या बिंदूंमधलं अंतर आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढा.

उत्तरं अशी: १) क्ष² + ६क्ष + ९, २) २९/२१, ३) ० आणि ५, ४) क्ष > −३, ५) क्ष + ३, पण क्ष ३ नसताना, ६) ५, ७) ४, ८) अंतर ५ आणि चढ ४/३.

तिसऱ्यात दोन्ही बाजूंना क्ष ने भागून नुसतं ५ लिहिलं असेल तर थांबा. तिथे शून्य हे उत्तर हरवलं. पुढे त्रिकोणमितीच्या समीकरणात हेच होतं: साइन दोन्ही बाजूंना दिसतो, मुलं तो खोडतात आणि अर्धी उत्तरं निघून जातात. पाचवं गणित म्हणजे लिमिटच्या धड्याचं दार आहे. सातवं आलं नाही तर डेरिव्हेटिव्हमध्ये रोज अडखळायला होईल. सहाव्याला ७ लिहिणारी हुशार मुलं मी दरवर्षी बघते. बेरजेचं वर्गमूळ वेगवेगळं काढता येत नाही, एवढं सांगितलं की त्यांचे डोळे उघडतात.

तीनपेक्षा जास्त चुकली तर लाजायचं कारण नाही, पण दहा दिवस रोज अर्धा तास द्यावा लागेल. आठवीचे घातांक, विस्तार सूत्रे आणि बैजिक राशींचे अवयव, नववीची बहुपदी, दहावीची वर्गसमीकरणे, एवढेच धडे घ्या. बालभारतीची जुनी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. धडा वाचत बसू नका, थेट सरावसंच सोडवा. महागडा ‘फाउंडेशन’ कोर्स यासाठी लागत नाही.

दुसरं काम: भाषेची वही

सेमी-इंग्रजीतून आलेल्यांनी हा भाग वरवर वाचला तरी चालेल. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांनी मात्र एक छोटी वही करा. डावीकडे वर्गात ऐकलेला शब्द, उजवीकडे आपला: न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, स्लोप म्हणजे चढ, कॉर्ड म्हणजे जीवा, व्हर्टेक्स म्हणजे शिरोबिंदू. टँजंट या शब्दापाशी मी स्वतः महिनाभर गोंधळले होते, कारण त्याचे दोन अर्थ आहेत. त्रिकोणमितीत ते गुणोत्तर आहे आणि वर्तुळाच्या धड्यात स्पर्शिका. वर्तुळाच्या टँजंटला आपल्या भाषेत स्पर्शिका हा वेगळा शब्द आहे, तो मनात धरला की गोंधळ उरत नाही.

गणिती शब्दांपेक्षा साधे इंग्रजी शब्द जास्त मार्क घालवतात. ॲट लीस्ट म्हणजे कमीत कमी, ॲट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्त, डिस्टिंक्ट म्हणजे वेगवेगळे, रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे. ‘हेन्स’ आलं की आधीच्या भागाचं उत्तर वापरायचं असतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. पंचवीस-तीस शब्दांत काम भागतं.

तिसरं काम: रोजचा एक तास, वही मिटून

ज्या दिवशी तास झाला त्याच दिवशी, झोपायच्या आत, हा तास झालाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी नवा भाग येतो आणि कालचा गाडला जातो.

पहिली दहा मिनिटं वही न उघडता आज काय शिकवलं ते कागदावर लिहा. सूत्र, आकृती, एखादं उदाहरण, जे आठवेल ते. मग वही उघडून काय राहिलं ते बघा. त्यानंतर फळ्यावर झालेल्या उदाहरणांचे फक्त प्रश्न उतरवून घ्या, वही पुन्हा मिटा आणि ती स्वतः सोडवा. हा भाग मुलांना फार कंटाळवाणा वाटतो, कारण ‘हे तर येतंय’ असं वाटत असतं. करून बघा. चौथ्या पायरीला हात थांबतो आणि वर्गात ती पायरी का घेतली हे आपण विचारलंच नव्हतं, हे तिथे कळतं. उरलेल्या वेळात पुस्तकातली चार-पाच नवी गणितं. चाळीस गणितं उतरवून काढण्यापेक्षा स्वतः झगडून सोडवलेली पाच जास्त कामाची, हे मी अनुभवाने सांगते.

क्लासच्या छापील नोट्समध्ये प्रत्येक गणिताखाली उत्तर सोडवलेलं असतं. ते पुठ्ठ्याने झाका. डोळा तिकडे जातोच, आणि एकदा पायरी दिसली की तो निर्णय पुन्हा दुसऱ्याने घेतल्यासारखा होतो.

चौथं काम: अडल्यावर काय करायचं

बहुतेकांना अडल्यावर दोनच रस्ते माहीत असतात: उत्तर बघणं किंवा मोबाइलवर व्हिडिओ लावणं. मधला रस्ता एका उदाहरणावरून दाखवते. अकरावीच्या वर्तुळाच्या धड्यातलं वाटावं असं गणित घेऊ: दोन्ही अक्षांना स्पर्श करणारं आणि (१, २) या बिंदूतून जाणारं वर्तुळ शोधा.

सुरुवातीला काही सुचत नाही. सूत्रात केंद्र पाहिजे, त्रिज्या पाहिजे, आणि प्रश्नात दोन्ही दिलेलं नाही. इथे पेन खाली ठेवायचा नाही. आकृती काढा. बिंदू (१, २) पहिल्या चरणात आहे, म्हणजे वर्तुळही तिथेच बसणार. ते दोन्ही अक्षांना टेकलेलं दाखवा. आता स्वतःला विचारा, या चित्रातलं मला दहावीपासून काय माहीत आहे? स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. म्हणजे केंद्रापासून दोन्ही अक्षांचं अंतर त्रिज्येइतकंच. त्रिज्या क्ष मानली तर केंद्र आपोआप (क्ष, क्ष) झालं. तीन अज्ञात होते, आता एकच उरला.

अजून एक गोष्ट वापरायची राहिली आहे: वर्तुळ (१, २) मधून जातं. न वापरलेली माहिती शोधणं ही सवय लावून घ्या, निम्मी गणितं तिथे सुटतात. केंद्रापासून त्या बिंदूचं अंतर त्रिज्येइतकं, म्हणून (१ − क्ष)² + (२ − क्ष)² = क्ष². उलगडलं की क्ष² − ६क्ष + ५ = ० येतं. म्हणजे क्ष = १ किंवा क्ष = ५.

आणि इथे पुष्कळ मुलं १ घेऊन ५ सोडून देतात, कारण त्यांच्या आकृतीत लहानच वर्तुळ होतं. तपासून बघा. केंद्र (५, ५) पासून (१, २) चं अंतर म्हणजे १६ अधिक ९ चं वर्गमूळ, बरोबर ५. दोन्ही वर्तुळं खरी आहेत. मोठं काढा, आणि बिंदू त्याच्या परिघावर नीट बसलेला दिसेल.

या सगळ्यात अकरावीचं नवीन काय होतं? जवळजवळ काही नाही. आकृती, दहावीचं एक प्रमेय, अंतराचं सूत्र, वर्गसमीकरण. म्हणून अडल्यावर वीस मिनिटं द्या आणि हे चार प्रश्न कागदावर लिहून उत्तर द्या: काय दिलंय, काय शोधायचंय, आकृती निघते का, कोणती माहिती अजून वापरली नाही. वीस मिनिटांत नाही सुटलं तर खूण करून पुढे जा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. रात्री अडलेलं सकाळी सुटल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशीही नाही जमलं, तर उत्तराची फक्त एक ओळ बघा, झाका आणि पुढचं स्वतः करा.

सूत्रांचं ओझं कसं उतरवायचं

त्रिकोणमितीचा दुसरा धडा आला की भिंतीवर सूत्रांचे तक्ते लागतात. तक्ता लावा, हरकत नाही, पण त्याच्याकडे बघून पाठ करू नका. साइन (अ + ब) आणि कॉस (अ + ब) ही दोन सूत्रं पक्की करा. ब च्या जागी −ब घातलं की वजाबाकीची दोन मिळतात. ब च्या जागी अ घातलं की दुप्पट कोनाची. साइनची बेरजेची आणि वजाबाकीची सूत्रं एकमेकांत मिळवली की गुणाकाराचं रूपांतर मिळतं. एका रविवारी बसून हे सगळं स्वतः काढा, पुढच्या रविवारी पुन्हा काढा. तिसऱ्या वेळी पंधरा मिनिटं लागतात आणि मग परीक्षेत एखादं विसरलं तरी तिथल्या तिथे उभं करता येतं.

साइन (अ + ब) म्हणजे साइन अ अधिक साइन ब, असं वाटत असेल तर ४५ आणि ३० अंश घालून बघा. बेरीज १.२०७ येते. साइन कधी १ च्या वर जातो का? खरं उत्तर साधारण ०.९६६ आहे. संख्या घालून तपासायची ही पद्धत कुठल्याही शंकेला चालते.

सूत्रामागचा अर्थ कळला की ते टिकतं, याचं माझं स्वतःचं उदाहरण लॉगरिदमचं. ‘लॉग’ हे माझ्यासाठी नुसतं कोष्टक होतं. मग कळलं की भूकंपाची तीव्रता मोजायची पट्टी लॉगची असते. एक अंक वाढला की हादऱ्याचा झोका १० पट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट घराघरात सांगितली जाते. पाच आणि सहा या आकड्यांमध्ये ‘फक्त एकचा’ फरक नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा उमगलं आणि लॉगची भीती गेली.

चुकांची वही

ही वही मी सक्तीने करायला लावते. प्रत्येक पानावर तीन गोष्टी: गणित, मी नेमकं काय केलं, आणि पुढच्या वेळी मी स्वतःला कोणता प्रश्न विचारीन. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द या वहीत लिहायचा नाही, कारण त्यातून काही कळत नाही. चिन्ह चुकलं, कंस उघडताना चुकलं, प्रश्न अर्धाच वाचला, सूत्र चुकीच्या जागी लावलं, असं स्पष्ट लिहा.

एक नमुना देते. पाच मुली आणि चार मुलं यांतून तिघांची समिती करायची, ॲट लीस्ट एक मुलगी हवी. पुष्कळ जण आधी एक मुलगी निवडतात, ५ प्रकारांनी, आणि उरलेल्या आठांतून दोघं, २८ प्रकारांनी. उत्तर १४०. आता कोणतीही अट न घालता नऊ जणांतून तिघं किती प्रकारांनी निवडता येतात? ८४. अट घातल्यावर संख्या वाढेल कशी? ‘पहिली’ मुलगी वेगळी धरल्यामुळे तीच समिती दोन-तीनदा मोजली गेली. सरळ रस्ता असा: ८४ मधून सगळी मुलंच असलेल्या ४ समित्या वजा करा, उत्तर ८०. वहीतला प्रश्न मग असा होतो: ‘माझं उत्तर एकूण शक्यतांपेक्षा मोठं तर नाही ना? आणि एकच गोष्ट मी दोनदा मोजली का?’

दर रविवारी मागच्या आठवड्याची पानं उघडून ती गणितं पुन्हा सोडवा. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर सोयाबीनची मळणी, पाहुणे, सण यांत पुस्तकांचा गठ्ठा उघडला जात नाही. घरच्या कामाला हात लावावाच लागतो. त्या वेळी एवढी एकच वही पिशवीत टाका. रोज तीन गणितं झाली तरी खूप.

विचारायचं कसं

‘सर, हा धडा समजला नाही’ असं म्हटलं की सरांना काही सांगता येत नाही. कागद घेऊन जा, जिथपर्यंत आलात ते दाखवा आणि विचारा, ‘इथून पुढे हे का केलं?’ शंभर-दीडशेच्या बॅचमध्ये हात वर करायची भीती वाटते, मलाही वाटायची. मग तास संपल्यावर थांबा. अभ्यासिकेत दोघा-तिघांचा गट करा आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाने एक गणित बाकीच्यांना समजावून सांगा. गट पाचच्या वर गेला की गप्पा सुरू होतात.

बोर्ड, सीईटी, जेईई

अकरावीचे मार्क पुढे धरत नाहीत म्हणून ती ढकलली जाते. प्रवेश लांबतात, वर्ष आखूड होतं आणि बारावीच्या इंटिग्रेशनला बसल्यावर अकरावीची त्रिकोणमिती आठवत नाही. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेत, अकरावीच्या निवडक धड्यांवर साधारण २० टक्के प्रश्न असतात, आणि जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेत दोन्ही वर्षं लागतात.

तिन्ही परीक्षांचा वेग वेगळा आहे. बारावी बोर्डाचा पेपर ८० मार्कांचा, तीन तासांचा. उरलेले २० अंतर्गत. तिथे पायऱ्यांना मार्क आहेत, म्हणून उत्तर आलं नाही तरी सूत्र आणि मांडणी लिहायची. सीईटीत ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. जेईई मेनमध्ये गणिताचे २५ प्रश्न, बरोबरला ४ आणि चुकीच्याला वजा १, तिथे अंदाजाने ठोकणं महागात पडतं. माझा सल्ला असा: अकरावीभर घड्याळ लावू नका. आधी येऊ द्या, वेग बारावीत वाढवता येतो.

गणित ठेवायचं की सोडायचं

लातूर पॅटर्नच्या गावात अनेक मुलं ‘दोन्ही दरवाजे उघडे राहतील’ म्हणून पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी चारही विषय घेतात. ज्याला ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षाच द्यायची आहे त्याला गणित परीक्षेसाठी लागत नाही, आणि दोन्हीकडे ओढाताण झालेली मुलं मी पाहिली आहेत. इंजिनिअरिंग करायचं असेल तर गणित हवंच. सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर ३०० मार्कांचा असतो. हा निर्णय एका चाचणीच्या मार्कांवर घेऊ नका. वरची कामं प्रामाणिकपणे तीन महिने करा, मग गणिताच्या सरांशी आणि घरच्यांशी बसून बोला. तीन महिन्यांनी सोडावंसं वाटलं तर सोडा, त्यात हार नाही.

शेवटचं आई-वडिलांशी बोलते. फी भरायला तुम्ही काय काय बाजूला ठेवलं, हे लेकराला माहीत असतं, म्हणूनच कमी मार्क ते फोनवर सांगत नाही. माझे वडील सातवी शिकलेले. एसटीडी बूथवरून फोन केला की ते मार्क विचारत नसत, ‘आज कुठं अडलं, सांग की’ एवढं विचारत. मी त्यांना समजेल असं सांगायला जायची आणि सांगता सांगता मलाच कधी कधी पायरी सापडायची. तुम्हीही तेवढंच विचारा. आणि लेकरू जेवत नसेल, झोपत नसेल, ‘काही उपयोग नाही’ असं वारंवार म्हणत असेल, तर गणित बाजूला ठेवून त्याच दिवशी गाडी धरा आणि रूमवर जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.